ग्रॅव्हल बाईक ॲडव्हेंचरला चालते का? आधी सोलापूरच्या काट्यांना विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. तुम्ही सोलापूरचेच, वजन ७८ किलो, चार वर्षं हायब्रीड (सरळ हँडलची सायकल) चालवताय, आता ड्रॉप, म्हणजे खाली वाकलेल्या हँडलची ग्रॅव्हल बाईक घ्यायची म्हणताय. शनिवार-रविवार तुळजापूर, नळदुर्ग, कुडल संगम असं आडवाटेनं फिरायचं, डिसेंबरात विजापूरवरून हंपीपर्यंत चार दिवस सामानासकट जायचं, आणि शेवटी हळूच लिहिलंय की "पुढंमागं स्पिती". आणि मित्र म्हणतोय की ग्रॅव्हल बाईक म्हणजे ना धड रोड बाईक ना धड एमटीबी (माउंटन बाईक), ॲडव्हेंचर करायचं तर सरळ एमटीबी घे.

मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये, पण त्याच्या डोळ्यासमोर वेगळा रस्ता आहे. मी चौदा वर्षं जुळे सोलापुरात सायकली खोलायचं-जोडायचं काम करतोय, आणि माझ्याकडं येणारा जवळजवळ प्रत्येक जण सायकलचं नाव घेऊन येतो, रस्त्याचं नाव घेऊन कुणी येत नाही. ॲडव्हेंचर म्हणजे एकाला पाणंद, दुसऱ्याला सह्याद्रीतली दगडी पायवाट, तिसऱ्याला लडाख, आणि तिघंही विचारणार की ही सायकल चालंल का. त्यामुळं खरा प्रश्न असा धरा की तुमच्या वाटेतला सगळ्यात वाईट तुकडा कसला आहे, तो किती लांब आहे, आणि तिथं सायकल बंद पडली तर हातानं काय करता येईल. नव्वद किलोमीटर कुठल्याही सायकलवर होतात हो, उरलेले दहा किलोमीटर ठरवतात.

ही सायकल मुळात कुठून आली ते बघा, म्हणजे निम्मं उत्तर तिथंच मिळतं. अमेरिकेत कॅन्ससमध्ये एम्पोरिया नावाचं गाव आहे, आजूबाजूला फ्लिंट हिल्सचा गवताळ, उघडा, चढउताराचा मुलूख आणि मैलोन् मैल खडीचे कच्चे रस्ते. तिथं २००६ पासून २०० मैलांची शर्यत होते, आता तिचं नाव अनबाउंड आहे. अशा रस्त्यावर रोड बाईकचं बारीक टायर फाटतं आणि एमटीबी दिवसभर ओढताना जीव जातो, म्हणून मधली सायकल निघाली. पुढं शिमानो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीनं २०१९ ला ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स नावाचं वेगळं गिअर-ब्रेकचं सामान काढलं, २०२२ ला इटलीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ते सगळं नंतरचं. सांगायचा मुद्दा हा की ही सायकल शेतातून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांसाठीच जन्माला आली. आणि आपल्याकडं काय आहे? माळ, मुरूम, खडी, कॅनॉलच्या भरावावरचे रस्ते, पाणंदी. उड्या मारायला दगडी उतार नाहीत, जंगलातल्या मुळ्या नाहीत. तेव्हा सोलापूर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर ग्रॅव्हल बाईक नुसती चालते असं नाही, मला तरी तिच्याइतकी दुसरी कुठली सोयीची वाटत नाही.

पण आपला माल जरा वेगळा आहे. धक्के हा आपल्याकडचा शत्रूच नाही. शत्रू दोन, काटा आणि काळी माती.

काट्याचं आधी. बाभळीचा पांढरा लांब काटा तुम्हाला माहिती असेलच, वेडी बाभूळ तर रस्त्याच्या दोन्ही कडंला माजलेली. शेतकरी बांधाला कुंपण म्हणून फांद्या तोडून टाकतात, त्या ट्रॅक्टरखाली येऊन मोडतात आणि काटे पाणंदीत उभे-आडवे पसरतात. हे काटे निदान दिसतात तरी. पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जमिनीवर जे सराटे वाळतात ते दिसत नाहीत. सराट्याची रचनाच अशी की कसाही पडला तरी एक टोक वरच. एकदा नान्नजच्या बाजूला (अभयारण्याच्या आत सायकल घालायची नाही, बाहेरून जाणारे रस्ते पुष्कळ आहेत) आम्ही चौघं जण लघवीला थांबलो आणि सायकली रस्त्याच्या कडंला गवतात टेकवल्या. फक्त टेकवल्या, चालवल्या नाहीत. परत येऊन एका पोराच्या पुढच्या टायरातून मी मोजून अकरा सराटे काढले. त्याच्याकडं ट्यूब होती, एक स्पेअर आणि पॅचचे सहा तुकडे. हिशोब करा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, सोलापुरात ग्रॅव्हल बाईक घेणार असाल तर ट्यूबलेसच, आणि पहिल्याच दिवशी करून घ्या. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसला चालणारे आहेत का ते दुकानातच विचारा, कारण स्वस्त मॉडेलमध्ये रिम चालणारी असते पण टायर साधं दिलेलं असतं, आणि मग ते टायर बदलायचे पैसे वेगळे. ४० मिलीमीटरच्या टायरात साधारण ६० ते ८० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं पातळ द्रव) घाला. डब्यावर लिहिलेलं असतं तीन-चार महिने, सहा महिने वगैरे, ते आपल्या उन्हाला लागू नाही. मार्च ते जून मी दीड-दोन महिन्यांनी व्हॉल्वमधून थोडं थोडं टाकतोच. न टाकल्यावर आतमध्ये काय होतं ते माझ्याकडं येऊन बघा, टायर उघडलं की दुधाच्या सायीसारखा एक सुका पापुद्रा आणि दोन-चार रबराच्या गोळ्या, बस, आणि मालक म्हणतो अहो सीलंट टाकलं होतं की!

सराटा निघाला तर काढून टाका आणि चाक फिरवा, भोक आपोआप बुजतं. बाभळीचा जाड काटा मात्र लगेच उपटू नका. हवा जात नसेल तर तसाच घरापर्यंत आणा, काट्याचंच बूच झालेलं असतं. उपटायचाच झाला तर प्लगची, म्हणजे भोकात रबराची पट्टी खुपसायची सुई हातात तयार ठेवून उपटा. आणि तरीसुद्धा एक ट्यूब सोबत ठेवायचीच.

ट्यूबवरून एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही. ग्रॅव्हल बाईकला बहुतेक वेळा प्रेस्टा व्हॉल्व असतो, बारीक दांडीचा. त्याचं रिमचं भोक साडेसहा मिलीमीटरचं. गावातल्या सायकल दुकानात जी ट्यूब मिळते तिचा व्हॉल्व जाडा, त्याला आठ मिलीमीटरचं भोक लागतं. म्हणजे मंद्रूपला किंवा अक्कलकोट रोडला कुठं अडकलात आणि दुकानदार कितीही भला असला तरी त्याची ट्यूब तुमच्या रिमला बसणार नाही. टायरचंही तेच, आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलचं अठ्ठावीस इंची चाक वेगळं, त्याची रिम ६३५ मिलीमीटरची आणि तुमची ६२२ ची, टायर बसत नाही. एमटीबीवाले इथं छाती पुढं काढतात की आमचं सव्वीसचं कुठंही मिळतं. खरंय, पण आता नवी चांगली एमटीबी एकोणतीसची येते, आणि तिची रिमसुद्धा ६२२ चीच असते, तेव्हा तो मुद्दा सव्वीसवाल्यांपुरताच. यावर माझा उपाय अगदी साधा आहे, दोन ट्यूबा स्वतःच्या, आणि प्रेस्टावर बसणारा पितळेचा छोटा ॲडॅप्टर, अगदी स्वस्त नग, मग कुठल्याही पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर हवा भरता येते. फक्त त्याला आधी सांगा की ट्रकचं टायर नाही म्हणून. पंप आपल्या हातात घ्या म्हणजे उत्तम.

हवा किती? ७८ किलोला ४० च्या ट्यूबलेस टायरात मी मागं ३६-३८ आणि पुढं ३२-३४ पीएसआय ठेवीन, सामान लादलं की मागं चार-पाच वाढवा. ट्यूब असेल तर ४५ च्या खाली खडीवर जाऊ नका, रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चेपून सापानं चावल्यासारखी दोन भोकं पडतात. हायब्रीडवाले सवयीनं ७० भरतात आणि मग म्हणतात ग्रॅव्हल बाईक हाडं खिळखिळी करते.

आता काळी माती. याचा अनुभव मी पैसे मोजून घेतलाय.

२०२१ च्या जुलैमध्ये मी आणि एक दोस्त हत्तरसंग कुडलला निघालो होतो. भीमा-सीनेचा संगम आहे, शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, सोलापुरात राहून बघितला नसेल तर लाज वाटली पाहिजे, असो. आदल्या रात्री पाऊस झाला होता पण सकाळी स्वच्छ ऊन, म्हणलं डांबरीनं कशाला जायचं, शेतातून दीड किलोमीटरचा शॉर्टकट आहे. पहिले शंभर मीटर मऊ गादीसारखं वाटलं. मग चाक जड व्हायला लागलं. मग फिरायचंच थांबलं. उतरून बघतो तर टायर आणि फोर्कच्या मधली सगळी फट कुणीतरी हातानं लिंपून घेतल्यासारखी भरलेली, त्यात उसाचं पाचट मिसळलेलं, म्हणजे भिंतीला लावायचा गिलावाच. बोटानं काढली की दहा पावलांत परत भरायची. बूट तर किलो-किलोचे झालेले. बांधावर एक आजोबा बसले होते, ते बराच वेळ नुसते बघत होते, शेवटी म्हणाले, "कुठं निघालाव? खांद्यावर घ्या की तिला, न्हाय तर तीच तुम्हाला घिऊन बसंल." आणि त्यांनी हातातलं खुरपं दिलं. खुरप्यानं माती खरवडत, सायकल खांद्यावर घेऊन दीड किलोमीटरला सव्वा तास लागला.

आणि खरी चूक त्याच्यापुढची. मुरमावर आल्यावर घाईघाईत मी पॅडल मारलं, मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकात पाचट अडकलेलं होतं, चेन ओढली गेली आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, पिळला जाऊन डिरेलर स्पोकमध्ये. कटकन् आवाज आला तेव्हाच कळलं. स्पेअर हँगर? घरी ड्रॉवरमध्ये. चेन तोडून छोटी केली, मागच्या मधल्या एका दातेरी चाकावर बसवली आणि एका गिअरवर सोलापूर गाठलं. तेव्हापासून हँगर सीटच्या खालच्या पिशवीतच असतो, आणि प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो त्यामुळं नवी सायकल घेतानाच दुकानदाराकडून एक जास्तीचा मागून घ्या, नंतर ते "मागवावा लागंल" म्हणतात आणि तुमचे दोन महिने जातात.

तर यातून सायकल निवडताना बघायचं काय? फ्रेम आणि फोर्कमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना जागा किती उरते. कंपनी म्हणते ४५ मिलीमीटरचं टायर बसतं, बसतं हो, पण बसतं आणि चिखलात फिरतं यात फरक आहे. ४० चं टायर घालून मला दोन्हीकडं करंगळी आरामात जाईल इतकी जागा हवी. मडगार्ड पावसाळ्यात काढून ठेवा, काळ्या मातीत ते आधी जाम होतं. आणि मुख्य म्हणजे पाऊस झाल्यावर निदान दोन दिवस काळ्या रानात जायचंच नाही, मुरमाचा रस्ता धरा, मुरमातून पाणी निघून जातं. मित्राची एमटीबी सव्वादोन इंची टायरची असली तरी त्या चिखलात तीसुद्धा आमच्यासारखीच खांद्यावर असती, आणि तिचं वजन जास्त.

एमटीबीचा विषय निघालाच आहे तर गिअरचं बघू, कारण तिथं मित्र खरोखर बरोबर आहे. ग्रॅव्हलला पुढं ४० दात्यांचं चाक आणि मागं सगळ्यात मोठं ४२ असं सर्रास मिळतं. सावकाश, मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरवलंत तर साडेसात किलोमीटर ताशी वेग येतो, त्याच्याखाली पाय अडायला लागतात. एमटीबीला पुढं ३२ आणि मागं ५१ असेल तर त्याच ६० ला पाच किलोमीटर ताशी. ऐकायला अडीच किलोमीटरचा फरक, पण १२ किलो सामान घेऊन घाट चढताना हा फरक म्हणजे चालवत जाणं आणि ढकलत जाणं. तुळजापूरचा घाट तुम्ही ४०-४२ वर चढाल, थोडा दम लागेल एवढंच. विजापूर ते हंपी तर चढाचं फार काही नाहीच. कोकणात उतरून परत वर यायचं म्हणाल तर मला पुढं ४० नको, ३६ किंवा ३८ पाहिजे, किंवा पुढं दोन चाकांचं ४६-३० असेल तर मागच्या ३४ बरोबर ते सात किलोमीटर ताशीपर्यंत खाली येतं. घेतानाच विचारा की पुढचं चाक छोटं बसवून मिळेल का. बरेच जण बदलून देतात.

हँडलबद्दल फार लिहीत नाही. ड्रॉप हँडलची सवय व्हायला महिनाभर जातो, खडीच्या उतारावर खालच्या वाकड्या भागात हात ठेवून ब्रेक दाबायचा, वरून दाबला तर जोर कमी पडतो. ब्रेक डिस्कच घ्या. हायड्रॉलिक की केबलचा यावर लोक भांडतात, मी लांबच्या ट्रिपला केबलचा पसंत करतो कारण केबल खिशात नेता येते, पण रोजच्या वापरात हायड्रॉलिक चालवल्यावर परत फिरावंसं वाटत नाही हेही खरं. पॅड मात्र एक जोडी जास्तीची ठेवा, चिखलातली वाळू ते खाऊन टाकते. आणि "स्टील घ्या म्हणजे गावात वेल्डिंग होतं" हे जे ऐकवतात ना, ते सोडून द्या. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारा वेल्डर तुमच्या फ्रेमच्या पातळ क्रोमोली (सायकलीचं हलकं स्टील) नळीला भोक पाडून ठेवील. स्टील आवडतं म्हणून घ्या, वेल्डिंगसाठी नको.

एक गोष्ट जी तुमच्या हायब्रीडला नसेल आणि ग्रॅव्हलला असते ती म्हणजे फोर्कवर, फ्रेमच्या खाली, टॉप ट्यूबवर जागोजागी स्क्रूची भोकं. आपल्या उन्हात हे फार मोठं काम आहे. मार्चनंतर मी तीन लिटरच्या खाली पाणी घेऊन निघत नाही, आणि ते पाठीवर घेतलं की कंबर जाते. फोर्कला दोन बाटल्या, फ्रेममध्ये दोन, झालं. घेताना ही भोकं मोजा, मागं कॅरिअर बसतं का बघा, कारण हंपीला जाताना लटकत्या पिशवीपेक्षा साधं कॅरिअर आणि दोन बाजूला दोन थैल्या जास्त बऱ्या पडतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यात न चेपता राहते, चार दिवस टिकते.

हंपीचं उत्तर मग सोपं आहे, ग्रॅव्हल बाईक अगदी योग्य. टाकळीचा पूल ओलांडून कर्नाटकात शिरलात की हायवे सोडून आतले रस्ते पकडा. डिसेंबरात फक्त उसाच्या ट्रॉल्या सांभाळा, संध्याकाळनंतर त्यांना मागं लाल दिवा असेलच असं नाही, आणि तुम्हाला असलाच पाहिजे.

स्पितीचं मी अटीवर सांगतो. काझापर्यंतचा बराच भाग ग्रॅव्हल बाईकवर लोक करतात. पण ग्रांफू ते बातल हा पट्टा गोट्यांसाठी आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांसाठीच ओळखला जातो, पुढं कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर, आणि तिथं सामानासकट पाच किलोमीटर ताशीचा गिअर आणि दोन इंची टायर हवंहवंसं वाटतं. तिथं मी माझी जुनी हार्डटेल (फक्त पुढं शॉकअप असलेली एमटीबी) नेईन. आयुष्यात एकदा करायच्या ट्रिपसाठी रोजची सायकल ठरवू नका, तेव्हा कुणाची तरी मागून घ्या. आणि मित्राच्या सल्ल्यानं एमटीबी घेतलीच तर त्या बजेटमधला तो जड, दिखाऊ शॉकअप असलेली तरी घेऊ नका, त्यापेक्षा सरळ लोखंडी फोर्क बरा.

पैसे खर्च करायच्या आधी एक करून बघा. तुमच्या हायब्रीडच्या फ्रेमवर टायरची किती जागा आहे ते मोजा, पुष्कळ हायब्रीडना ४० चं टायर बसतं. बसत असेल तर फक्त टायर बदला, हवा ७० वरून ४५ वर आणा आणि दोन महिने पाणंदी फिरा. निम्म्याहून जास्त गंमत टायरचीच असते. त्यानंतरही तासन् तास वाऱ्याच्या तोंडावर चालवताना खाली वाकावंसं वाटलं, पाण्याला जागा कमी पडली, तर मग ग्रॅव्हल बाईक घ्या, तोपर्यंत तुम्हाला काय पाहिजे ते दुकानदारापेक्षा तुम्हालाच जास्त कळलेलं असेल.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही तीन-चार जण हिप्परग्याच्या तलावाकडं निघतो, तिथून पुढं मुरमाचा एक चांगला बारा किलोमीटरचा लूप आहे. माझी सायकल ५४ साईजची आहे, तुमची उंची पाच आठ-नऊ असेल तर बसंल तुम्हाला. चालवून बघा. फक्त कुठं थांबलो तर गवतात टेकवू नका.